कूलंट जातंय कुठे? बोटीच्या इंजिनातला गळका हीट एक्स्चेंजर समजून घेताना

इंजिनाखालचा तळ कोरडा ठणठणीत. पाइपांच्या प्रत्येक जोडावरून हात फिरवला तरी बोटाला ओल लागत नाही. आणि तरीही दर दोन-चार फेऱ्यांनंतर टाकीतलं कूलंट बोटभर खाली गेलेलं असतं. बोट बाळगणाऱ्या कितीतरी जणांना हा प्रकार चक्रावून टाकतो. पाणी कमी होतंय म्हणजे ते कुठेतरी सांडलेलं दिसायला हवं, हा आपला साधा हिशेब. मोटारीत तो बहुतेक वेळा बरोबर ठरतो. बोटीत मात्र कूलंटला निसटून जायला अशी एक वाट असते, जिच्याकडे आपलं लक्षच जात नाही. ते धुराच्या पाइपातून थेट समुद्रात जातं.

ही वाट उघडते ती हीट एक्स्चेंजर गळायला लागला की. मग प्रश्न येतो, दुरुस्त करायचा की नवा घ्यायचा? त्याचं उत्तर भोक केवढं आहे यावर फारसं अवलंबून नाही. ते कुठे पडलंय आणि का पडलंय, यावर आहे.

दोन पाणी, मध्ये पातळ भिंत

डिझेल जळून जी ऊर्जा निघते, तिच्यातली साधारण एक तृतीयांशच बोटीचा पंखा (प्रोपेलर) फिरवायच्या कामी येते. बाकी सगळी उष्णता. तिच्यातली बरीचशी धुराबरोबर जाते, पण उरलेली इंजिनाच्या अंगातून काढून न्यावी लागते. मोटारीत ते काम वाऱ्याच्या मदतीने रेडिएटर करतो. बोटीत इंजिन बंद खोलीत असतं, तिथे वारा कुठून येणार? पण बाहेर गार पाणी हवं तेवढं आहे.

मग तेच पाणी इंजिनात का फिरवत नाहीत? काही जुन्या, लहान इंजिनांत फिरवतातही. पण समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, आणि पाणी ६० अंशांच्या पलीकडे तापलं की ते आतल्या भिंतींवर थर धरू लागतात. म्हणून अशी इंजिनं मुद्दाम गार ठेवावी लागतात, आणि डिझेल इंजिनाला गार चालणं मानवत नाही. खारं पाणी धातू खातं, ते वेगळंच.

म्हणून दोन पाणी वेगवेगळी ठेवतात. आत फिरतं ते कूलंट, म्हणजे शुद्ध पाण्यात ग्लायकॉल आणि गंज रोखणारी रसायनं घालून केलेलं मिश्रण. बाहेरून पंपाने ओढलेलं असतं ते समुद्राचं पाणी. दोघांची गाठ पडते हीट एक्स्चेंजरमध्ये. बरेच मिस्त्री त्याला नुसतं 'कूलर' म्हणतात, आपणही इथून पुढे तेच म्हणू.

गरम पाण्याचं पातेलं गार पाण्याच्या परातीत ठेवलं की ते निवतं. उष्णता पत्र्यातून पार होते, पाणी होत नाही. कूलरमध्ये हेच घडतं, फक्त पत्रा जास्तीत जास्त मिळावा म्हणून एका पातेल्याऐवजी बारीक नळ्यांचा गठ्ठा असतो. सहसा नळ्यांच्या आतून समुद्राचं पाणी आणि बाहेरून कूलंट. नळ्यांची टोकं दोन्हीकडे चाळणीसारख्या जाड तबकडीत पक्की बसवलेली, तबकड्यांवर टोप्या, आणि टोप्यांखाली रबरी रिंगा. उष्णता चटकन पार व्हावी म्हणून नळीची भिंत जेमतेम एक मिलिमीटरच्या आसपास ठेवतात. सगळी मदार तेवढ्या भिंतीवर.

कूलरमधून निघालेलं समुद्राचं पाणी पुढे धुराच्या पाइपात सोडतात, धूर गार करण्यासाठी. कोरड्या तळाचं कोडं इथेच सुटतं.

भोक एकच, गळती दोन्ही दिशांना

कूलंट शंभर अंशांना उकळू नये म्हणून टाकीची टोपी आत दाब धरून ठेवते. बऱ्याच इंजिनांत हा दाब ०.९ बारच्या आसपास असतो, म्हणजे मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या दाबाच्या निम्म्याहूनही कमी. समुद्राच्या पाण्याचा दाब त्याहून कमी, कारण त्याचं पुढचं तोंड मोकळंच आहे. त्यामुळे इंजिन चालू असताना नळीला भोक असेल तर कूलंट त्यातून खाऱ्या पाण्यात घुसतं आणि बाहेर जातं.

इंजिन बंद केलं की चित्र उलटतं. कूलंट निवतं, आकसतं, आत किंचित ओढ तयार होते. नळ्यांत मात्र खारं पाणी तसंच उभं असतं. आता तेच भोक खारं पाणी आत घेतं. गळका कूलर असा चालताना श्वास सोडतो आणि थांबल्यावर घेतो.

'थोडंसंच जातंय, वरून टाकत राहू' असं म्हणणाऱ्यांना मला कळकळीने सांगायचंय ते इथे. गेलेलं कूलंट भरून काढता येतं, आत आलेलं मीठ नाही. मिठातल्या क्लोराइडमुळे कूलंटमधल्या गंजरोधकांचं बळ संपतं. मग ॲल्युमिनियमचं हेड (इंजिनाचा वरचा भाग), पाण्याच्या पंपाचं सील, थर्मोस्टॅट (तापमानानुसार कूलंटची वाट उघडणारी झडप) सगळंच खाल्लं जातं, आणि तेही कुठे न दिसता. नळ्यांच्या गठ्ठ्यावरचा खर्च टाळता टाळता इंजिन हातचं जातं.

नक्की कूलरच का?

ही शंका रास्त आहे. कूलंट गायब व्हायला फुटलेली हेड गॅस्केट (हेडखालची सीलबंद चकती), पंपाचं झिजलेलं सील, सैल क्लॅम्प, थकलेली टोपी यांतलं काहीही पुरतं. हेड गॅस्केट गेली असेल तर सहसा टाकीत बुडबुडे येतात, पाइप थोड्याच वेळात दगडासारखे कडक होतात किंवा तेल पांढरट पडतं. कूलर गळत असेल तर बहुधा यातलं काहीच नसतं, नुसतीच पातळी उतरते. काही वेळा उलटही होतं. सकाळी टाकी काल होती त्यापेक्षा भरलेली दिसते. न भरता टाकी भरली तर आनंद मानू नका, ते समुद्राचं पाणी आहे.

कूलंटमध्ये मीठ आलंय का हे पाहण्यासाठी क्लोराइड दाखवणाऱ्या कागदी पट्ट्या मिळतात. पट्टी बुडवली की रंगावरून कळतं. जिभेवर थेंब ठेवून बघण्याची सवय काहींना असते, ती कृपया सोडा. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं आणि विषारी असतं.

तेलाचा कूलर वेगळा असेल तर तोही याच वेळी बघून घ्या. त्याची बांधणी तशीच आणि दुखणंही तेच, फक्त तिथे कूलंटऐवजी गिअरबॉक्सचं किंवा इंजिनाचं तेल पणाला लागलेलं असतं.

थेंब कुठून येतो ते डोळ्यांनी पाहायचं

इंजिन पूर्ण गार होऊ द्या. गरम टाकीची टोपी उघडली तर उकळतं कूलंट तोंडावर उडतं, तिथे घाई नाही. मग समुद्राच्या पाण्याचा तळातला कॉक बंद करा आणि कूलरच्या दोन्ही बाजूंच्या टोप्या काढा. काही बांधणींत टोपीचं रबर दोन्ही पाणी एकदम अडवतं. तिथे टोपी काढली की कूलंटही सांडतं, त्यामुळे पूर्ण कूलर उतरवूनच तपासावा लागतो. बाकीच्यांत कूलंट आत तसंच राहतं आणि नळ्यांची तोंडं समोर उघडी दिसतात.

मी अशी एक तपासणी शेजारी बसून पाहिली आहे. टाकीच्या तोंडावर हातपंप आणि दाबाचा काटा लावला, टोपीवर लिहिलेल्या दाबापर्यंत हवा भरली, नळ्यांची तोंडं फडक्याने कोरडी केली आणि विजेरी धरून बसलो. बराच वेळ काही नाही. काटा मात्र केसाकेसाने उतरत होता. मग वरून तिसऱ्या ओळीतल्या एका नळीच्या ओठावर कूलंटचा हिरवा ठिपका उमटला. तो हळूहळू फुगला, थेंब झाला आणि ओघळला. मिस्त्रींनी त्या तोंडाची कड टाचणीने खरवडली. पिवळ्या पितळेऐवजी गुलाबी, ठिसूळ चुरा निघाला. शेजारच्या तीन नळ्यांचीही तीच गत होती, आणि त्यांच्याच मध्ये एका नळीत काळं रबर अडकलेलं होतं. समुद्राचं पाणी ओढणाऱ्या पंपातलं रबरी चक्र, म्हणजे इम्पेलर, कधीकाळी बदललेलं होतं, त्याची तुटकी पाकळी. नवा इम्पेलर बसवताना जुन्याच्या पाकळ्या कुणी मोजल्याच नव्हत्या.

कूलर उतरवून तपासायचा तर सायकलच्या ट्यूबचं पंक्चर काढतात तसंच. कूलंटची तोंडं बंद करायची, आत एक बारच्या आसपास हवा द्यायची, पाण्यात बुडवायचं, आणि बुडबुडे कोणत्या नळीतून येतात ते पाहायचं. कॉम्प्रेसरचा पूर्ण दाब सोडू नका, कूलर त्यासाठी बनलेला नाही आणि फुटला तर माणूस जखमी होतो.

एक महत्त्वाची गोष्ट. ही तपासणी नळ्या साफ केल्यानंतरही पुन्हा करायची. जुन्या कूलरमध्ये क्षारांचा थरच भोकावर बुचासारखा बसलेला असतो. आम्लाने धुतलं की थर जातो आणि 'साफ केल्यावर गळायला लागला' अशी तक्रार होते. भोक आधीपासूनच होतं, साफ केल्यावर ते दिसलं एवढंच.

नळी का सडते?

पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. खाऱ्या पाण्यात त्यातलं जस्त आधी निघून जातं आणि मागे उरतो तांब्याचा सच्छिद्र सांगाडा. तो गुलाबी चुरा म्हणजे तेच. म्हणून चांगल्या कूलरच्या नळ्या तांबं-निकेलच्या मिश्रधातूच्या असतात, त्यात बहुधा १० टक्के निकेल. या धातूवर स्वच्छ समुद्राच्या पाण्यात हळूहळू एक पातळ संरक्षक थर धरतो आणि तोच त्याला वर्षानुवर्षं वाचवतो. पण पाणी फार वेगाने, खळखळत, हवेचे बुडबुडे घेऊन आलं तर तो थर खरवडला जातो. नळीचं तोंड आधी सडतं ते यामुळेच, तिथे पाणी वळतं आणि आदळतं. अर्ध्या नळ्या कचऱ्याने बंद असतील तर सगळं पाणी उरलेल्यांतून घुसतं आणि त्यांची झीज वाढते. त्या रबराच्या पाकळीने नेमकं हेच केलं होतं.

याउलट बंदरातलं घाणेरडं पाणी नळ्यांत महिनोन् महिने उभं राहिलं तर त्यातले सल्फाइड तो थर नीट धरूच देत नाहीत. नव्या कूलरला हे सर्वांत जास्त बाधतं. त्यामुळे नवा कूलर बसवून बोट लगेच नांगरून ठेवणं वाईट. ठेवायचीच असेल तर आधी गोड्या पाण्याने नळ्या धुऊन घ्याव्यात.

'जस्ताची कांडी होती की, मग?'

बऱ्याच कूलरमध्ये पितळी बुचाला जोडलेली जस्ताची कांडी असते. दोन वेगळे धातू खाऱ्या पाण्यात एकमेकांना जोडले गेले की विजेरीच्या सेलसारखा प्रवाह सुरू होतो, आणि त्यातला एक झिजतो. झिजायचंच तर जस्ताने झिजावं, तांब्याने नाही, एवढाच त्या कांडीचा उपयोग. कल्पना जुनी आहे. १८२४ मध्ये हम्फ्री डेव्ही यांनी ब्रिटिश युद्धनौकांच्या तळावरचा तांब्याचा पत्रा वाचवण्यासाठी त्याला जस्ताचे आणि लोखंडाचे तुकडे जोडून पाहिले. तांबं वाचलं. पण विरघळणारं तांबंच शिंपल्यांना दूर ठेवत होतं, ते विरघळेनासं झाल्यावर तळावर शिंपल्यांचं रान माजलं!

आपल्या कांडीचीही एक मर्यादा आहे, आणि ती फार थोड्यांना माहीत असते. तिचं संरक्षण टोपी, तबकडी आणि नळ्यांच्या तोंडाजवळच्या भागापर्यंतच पोचतं. बारीक नळीच्या आत दूरवर ते जातच नाही. म्हणजे नळीच्या मध्यावरचं भोक कांडीने टळलं नसतं.

कांडी अर्धी झिजली की बदला. संपेपर्यंत ठेवली तर तिचे तुकडे गळून टोपीत साचतात आणि नळ्यांची तोंडं बुजवतात. वर्षाने काढल्यावर ती नव्यासारखी निघाली तर तेही वाईट लक्षण आहे. बुचाच्या आट्यांवर गुंडाळलेल्या टेफ्लॉन टेपमुळे धातूला धातू टेकत नसेल, तर कांडी काहीच काम करत नाही. काही तांबं-निकेलच्या कूलरना कांडी मुळात दिलेलीच नसते. तिथे भोक पाडून बसवायला जाऊ नका.

मग दुरुस्ती कशाची होते?

गळती टोप्यांच्या रिंगांतून असेल तर दुरुस्तीच करायची, नव्याचा विचारही नको. रिंगा बदला. कूलंटच्या कामासाठी बहुधा ईपीडीएम रबर वापरतात, आणि त्याला साधं ग्रीस लावलं तर ते फुगतं. सिलिकॉनचं ग्रीस लावा. रिंग बसते ती जागा मात्र नखाने चाचपून पाहा. ॲल्युमिनियमच्या अंगाला तिथे खड्डे पडलेले असतील तर नवी रिंगही लवकरच गळेल. काही कूलरमध्ये दोन रिंगांच्या मधोमध बाहेर उघडणारं बारीक छिद्र असतं. कुठलीही रिंग गेली तर पाणी एकमेकांत न मिसळता बाहेर ठिबकावं, म्हणून ते मुद्दाम ठेवलेलं असतं. 'इथून गळतंय' म्हणून ते छिद्रच पुट्टीने बुजवल्याचं मी पाहिलंय. असं कधीही करू नका.

नळी आणि तबकडीच्या जोडातून गळती असेल तर डाक देऊन (सोल्डर करून) काम होतं, पण जाणत्या हाताने. साध्या डाकेचं कथील २०० अंशांच्या आसपास वितळतं. चांदीमिश्रित डाकेला ६०० अंशांहून जास्त उष्णता लागते. मूळ जोड साधा असेल आणि कुणी त्यावर चांदीची डाक द्यायला गेलं, तर एक जोड धरेपर्यंत आजूबाजूचे सगळे सुटतात. कारखान्यात देताना मूळ जोड कशाचा आहे, हे विचारूनच द्या.

नळीच्या अंगालाच भोक असेल तर ती नळी दोन्ही टोकांना निमुळत्या पितळी बुचाने कायमची बंद करता येते. रूढ अंदाज असा की एकूण नळ्यांच्या दहाव्या भागापर्यंत बुजवल्या तरी निभावतं, कारण कूलर थोडा मोठाच बनवलेला असतो. तीस नळ्यांपैकी तीन. त्यापुढे पूर्ण वेगात इंजिन तापायला लागतं.

पण निभावतं म्हणून तेच करावं का? माझं स्पष्ट मत आहे, नाही. सगळ्या नळ्या एकाच दिवशी, एकाच धातूच्या बनल्या आणि तितकीच वर्षं तेच पाणी प्यायल्या. आज तिसऱ्या ओळीतली गेली, तर शेजारचीही त्याच वाटेवर आहे. बुजवणं हे घरी पोचण्यासाठी किंवा नवा गठ्ठा येईपर्यंत. अपवाद एकच. भोक बाहेरच्या मारामुळे पडलं असेल, म्हणजे कुणी लोखंडी सळई घालून साफ करताना किंवा आत पाणी गोठल्याने एखादी नळी फुटली असेल आणि बाकीच्या धडधाकट असतील, तर बुजवून पुढे चालवायला हरकत नाही.

गळती बंद करणारं औषध टाकीत ओतायचं का? तेही नको. ते भोक आणि इंजिनातली बारीक वाट यांतला फरक ओळखत नाही. इपॉक्सीचाही भरवसा नाही, गरम-गार होण्यात ती धातूपासून सुटते.

समुद्रातच हे झालं तर

गार इंजिनावर टाकीची टोपी पहिल्या खाचेपर्यंतच फिरवून ठेवा, म्हणजे दाब साठणार नाही आणि भोकातून कमी जाईल. वेग कमी ठेवा, तापमानाच्या काट्यावरून नजर हलवू नका, आणि इंजिन थांबवून, निवू देऊन गोडं पाणी भरत राहा. किनाऱ्याला लागल्यावर तळातला कॉक बंद करून कूलरमधलं समुद्राचं पाणी काढून टाका, म्हणजे रात्री आत ओढलं जायला काही उरणार नाही.

नवा घेताना

बऱ्याचदा पूर्ण कूलर लागत नाही, नळ्यांचा गठ्ठाच वेगळा मिळतो. अंग शाबूत असेल तर तेवढा पुरे. पण ते ॲल्युमिनियमचं असून रिंगांच्या जागी खाल्लेलं असेल, तर नवा गठ्ठा त्यात बसवणं म्हणजे पैसे वाया घालवणं. दुसऱ्या बनावटीचा घेताना फक्त लांबी-रुंदी जुळवू नका. टोपीत मध्ये आडभिंत आहे का, म्हणजे पाणी एकदाच जातं की वळून परत येतं, हे बघा, आणि नळ्यांचा धातू कोणता ते विचारा. आडभिंतीची टोपी उलटी बसली तर पाण्याची वाटच बदलते किंवा अडते, आणि 'नवा घालूनही तापतंय' म्हणून लोक हैराण होतात.

जुनी टोपी काढल्यावर त्यात काय साचलंय ते आधी कागदावर ओतून पाहा. रबराचे तुकडे, जस्ताचे खडे, शिंपल्यांचा चुरा असं काहीही निघू शकतं. रबर निघालं तर पंप उघडून इम्पेलरच्या पाकळ्या मोजा आणि कमी भरलेली प्रत्येक पाकळी सापडेपर्यंत पाइपांत शोधा.

कूलंटमध्ये मीठ मिळालं असेल तर नवा कूलर जोडायच्या आधी इंजिन गोड्या पाण्याने धुवायचं, थर्मोस्टॅट उघडेपर्यंत चालवायचं, पाणी काढायचं, पुन्हा भरायचं. क्लोराइडची पट्टी स्वच्छ निघेपर्यंत हेच. मगच शुद्ध पाण्यातलं नवं कूलंट भरा, आणि आतली हवा काढल्याशिवाय टोपी बंद करू नका.

त्या चार गुलाबी तोंडांच्या बोटीवर शेवटी तांबं-निकेलचा नवा गठ्ठा बसला. मिस्त्रींनी टाकीवर पातळीच्या रेषेत पेनाने खूण केली आणि शेजारी तारीख घातली. इंजिन तासभर चालवून बंद केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी गार इंजिनावर वाकून बघितलं, तेव्हा कूलंट खुणेपासून किंचितही हललं नव्हतं. खालीही नाही आणि वरही नाही.